आंद्रेओत्ती नावाचे कोडे आणि ‘इल दीवो’

सात वेळा पंतप्रधान झालेल्या इटालियन नेत्यावर, तो हयात असताना आणि त्याच्या खऱ्या नावानिशी काढलेला हा चित्रपट पाहणे सोपे आहे. समजून घेणे मात्र तितकेसे सोपे नाही.

कान महोत्सवात 2008 साली दोन इटालियन चित्रपटांनी मोठी पारितोषिके मिळविली. मात्तेओ गारोने यांच्या ‘गोमोरा’ला ग्रां प्री मिळाले आणि पाओलो सोरेन्तिनो यांच्या ‘इल दीवो’ला ज्यूरी पारितोषिक. ज्यूरीचे अध्यक्ष अभिनेते शॉन पेन होते. इटालियन सिनेमा संपला, अशी हाकाटी त्याआधीची अनेक वर्षे चालू असल्याने या दुहेरी यशाची चर्चा बरीच झाली. योगायोग असा, की दोन्ही चित्रपटांत तोनी सेर्विल्लो हा एकच अभिनेता प्रमुख भूमिकांत होता. ‘गोमोरा’त तो विषारी औद्योगिक कचऱ्याची बेकायदा विल्हेवाट लावणारा मध्यस्थ झाला होता आणि ‘इल दीवो’त इटलीचे माजी पंतप्रधान जुलिओ आंद्रेओत्ती.

आंद्रेओत्ती हे नाव आपल्याकडच्या पन्नाशीपुढच्या वाचकांना आंतरराष्ट्रीय बातम्यांच्या पानावरून ओळखीचे असेल. तरुणांना बहुधा नाही. 14 जानेवारी 1919 रोजी रोममध्ये जन्मलेले आंद्रेओत्ती दुसऱ्या महायुद्धानंतर, 1946 मध्ये संविधान सभेवर निवडून आले आणि पुढे 2013 मध्ये मृत्यू येईपर्यंत संसदेचे सदस्य राहिले. 1972 ते 73, 1976 ते 79 आणि 1989 ते 92 अशा तीन कालखंडांत मिळून त्यांनी सात मंत्रिमंडळांचे नेतृत्व केले. 1983 ते 89 ही सलग सहा वर्षे ते परराष्ट्रमंत्री होते. संरक्षण आणि अर्थ खातीही त्यांनी वेळोवेळी सांभाळली. 1991 मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रांचेस्को कोस्सिगा यांनी त्यांना तहहयात सिनेटर नेमले. त्यांचा ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्ष 1948 पासून नव्वदच्या दशकाच्या आरंभापर्यंत प्रत्येक सरकारात होता. पश्चिम युरोपातला सर्वांत मोठा कम्युनिस्ट पक्ष इटलीत असल्यामुळे त्याला सत्तेबाहेर ठेवणे हे अमेरिका, व्हॅटिकन आणि देशातला उद्योगवर्ग या तिघांनाही अगत्याचे वाटत होते. ते काम ज्या पक्षाकडे आपोआप आले, त्या पक्षाला पराभवाची भीती उरली नाही. आंद्रेओत्तींची कारकीर्द समजून घ्यायची तर आधी ही परिस्थिती ध्यानात घ्यावी लागते.

चित्रपटाच्या नावातच एक कोटी आहे. ‘दीवो’ म्हणजे आजच्या इटालियन भाषेत लोकप्रिय तारा. पण त्याचे लॅटिन मूळ ‘दैवी’ या अर्थाचे. मृत्यूनंतर देवत्व बहाल केलेल्या ज्यूलियस सीझरला ‘दिवुस यूलियुस’ म्हणत. जुलिओ हे त्याच नावाचे आधुनिक रूप असल्याने पत्रकारांनी आंद्रेओत्तींना ‘दिव्य जुलिओ’ म्हणायला सुरुवात केली. त्यांना इतर टोपणनावेही पुष्कळ होती. स्फिंक्स, कुबडा, काळा पोप आणि थेट सैतानाचे नाव असलेला बेल्झेबूब. माणूस बारीक चणीचा, खांदे पुढे झुकलेले, कान वाकलेले, हात एकमेकांत गुंफलेले, आवाज एकसुरी. अशा माणसाला एका बाजूने देव आणि दुसऱ्या बाजूने सैतान म्हणणाऱ्या समाजाबद्दलही हा चित्रपट आहे.

मृतांची यादी

सुरुवातीलाच पडद्यावर एक छोटासा शब्दकोश येतो. ख्रिश्चन डेमोक्रॅट म्हणजे काय, रेड ब्रिगेड म्हणजे कोण, ‘पी-टू’ ही काय भानगड होती, हे त्यात सांगितले आहे. त्यानंतर अंधारात आंद्रेओत्तींचा चेहरा दिसतो. अर्धशिशीवर उपाय म्हणून त्यावर सर्वत्र ॲक्युपंक्चरच्या सुया टोचलेल्या आहेत. आपण फार दिवस जगणार नाही, असे भाकीत तरुणपणी करणारा डॉक्टर आपल्याआधीच गेला, असे ते शांतपणे सांगतात. मग कर्कश संगीताच्या ठेक्यावर एकामागून एक माणसे मरताना दिसतात. लाल अक्षरांतली नावे पडद्यावर तरंगत येतात आणि फिरतात. ज्याला इटलीचा अलीकडचा इतिहास ठाऊक नाही, तो इथेच गांगरतो. म्हणून ही नावे जरा सावकाश पाहू.

मिनो पेकोरेल्ली हे ‘ओपी’ नावाच्या नियतकालिकाचे संपादक. सत्ताधाऱ्यांची गुपिते छापणे आणि काही वेळा ती न छापण्याबद्दल सौदे करणे, अशी त्यांची ख्याती होती. 20 मार्च 1979 रोजी रोममध्ये त्यांना मोटारीतच गोळ्या घालण्यात आल्या. जॉर्ज्यो अँब्रोसोली हे मिलानचे वकील. मिकेले सिंदोना या सिसिलियन बँकमालकाची बँक बुडाल्यावर तिचे हिशेब तपासण्याचे काम सरकारने त्यांना दिले आणि त्यांनी ते प्रामाणिकपणे केले. जुलै 1979 मध्ये सिंदोनाने भाड्याच्या मारेकऱ्याकरवी त्यांची हत्या घडविली. याच सिंदोनाला आंद्रेओत्तींनी 1973 मध्ये ‘लिराचा तारणहार’ म्हणून गौरविले होते. अँब्रोसोलींच्या खुनाबद्दल जन्मठेप झाल्यानंतर दोनच दिवसांनी, मार्च 1986 मध्ये तुरुंगात सिंदोनाच्या कॉफीत सायनाइड निघाले. रॉबेर्तो काल्वी हे बँको अँब्रोसियानोचे अध्यक्ष. व्हॅटिकनशी निकटचे व्यवहार असलेली ही बँक कोसळली आणि जून 1982 मध्ये काल्वींचा मृतदेह लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स पुलाखाली लटकलेला सापडला. आधी ती आत्महत्या ठरली. पुढे तो खून असल्याचे मानले गेले. परंतु 2007 मध्ये रोमच्या न्यायालयाने सर्व आरोपींना सोडून दिले. जनरल कार्लो आल्बेर्तो दाल्ला किएझा यांना माफियाविरोधी मोहिमेसाठी पालेर्मोला पाठविले होते. जेमतेम शंभर दिवसांत, 3 सप्टेंबर 1982 रोजी, पत्नीसह त्यांची हत्या झाली.

या प्रत्येक प्रकरणात कुठे ना कुठे आंद्रेओत्तींचे नाव येते. कधी ओळखीचे म्हणून, कधी पत्रव्यवहारात, कधी केवळ कुजबुजीत. प्यूनिक युद्धे सोडली तर आपल्यावर सगळ्याचा आरोप झाला, असे ते स्वतःच मिश्कीलपणे म्हणत. ते वाक्य चित्रपटातही आहे. मात्र त्यांच्या विनोदाची दुसरी बाजूही आहे. 2010 मध्ये, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, त्यांनी एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात अँब्रोसोलींनी ते ओढवून घेतले, अशा अर्थाचे उद्गार काढले. देशभर संताप उसळल्यावर आपल्या म्हणण्याचा विपर्यास झाला, असा खुलासा त्यांनी केला. कर्तव्य बजावताना मारल्या गेलेल्या वकिलाविषयी माजी पंतप्रधान असे बोलू शकतो, हे ऐकल्यावर सोरेन्तिनोंनी अतिशयोक्ती केली, असे म्हणणे कठीण जाते.

मोरो यांची सावली

या सर्व मृतांत एकाचे स्थान वेगळे आहे. आल्दो मोरो हे आंद्रेओत्तींच्याच पक्षाचे अध्यक्ष आणि माजी पंतप्रधान. कम्युनिस्टांना सरकारच्या पाठिंब्यात सामील करून घेण्याचा ‘ऐतिहासिक समझोता’ त्यांच्या प्रयत्नांनी आकाराला आला होता. 16 मार्च 1978 रोजी अशा पाठिंब्यावर उभ्या असलेल्या आंद्रेओत्ती सरकारवर संसदेत विश्वासदर्शक मतदान व्हायचे होते. त्याच सकाळी रेड ब्रिगेडच्या अतिरेक्यांनी रोमच्या व्हिया फानी या रस्त्यावर मोरो यांचे पाच अंगरक्षक मारले आणि त्यांना पळवून नेले. पंचावन्न दिवस ते कैदेत होते. तेथून त्यांनी सहकाऱ्यांना पत्रे लिहिली, वाटाघाटी करा म्हणून विनवले. सरकारने अतिरेक्यांशी बोलणी न करण्याची भूमिका सोडली नाही. 9 मे रोजी एका लाल रेनो मोटारीच्या मागच्या भागात मोरो यांचा मृतदेह सापडला. पत्रांतून त्यांनी आंद्रेओत्तींवर जे लिहिले, ते कोणत्याही विरोधी पक्षाच्या टीकेपेक्षा जिव्हारी लागणारे होते.

सोरेन्तिनोंच्या चित्रपटात मोरो अधूनमधून आंद्रेओत्तींना दिसत राहतात. बोलतात, आणि नाहीसे होतात. बाकीच्या मृतांबद्दल निर्विकार राहणारा हा माणसाच्या आकाराचा दगड फक्त या एका आठवणीपाशी तडकतो. त्यांनी मोरोंना नेले, मला का नाही, हा प्रश्न तो चर्चमध्ये पाद्र्यापुढे विचारतो. चित्रपटातला हा सर्वांत मानवी भाग आहे आणि दिग्दर्शकाने इथे कॅमेऱ्याची करामतही आवरती घेतली आहे.

थाटमाट कशासाठी?

इतरत्र मात्र करामतींना तोटा नाही. 1991 मध्ये सातवे मंत्रिमंडळ बनण्याच्या वेळी आंद्रेओत्ती गटाचे खंदे कार्यकर्ते एकेक करून येतात, तो प्रसंग गुंडपटाच्या थाटात चित्रित केला आहे. आलिशान गाड्या, मंदगती, शिट्टीची धून आणि प्रत्येकाच्या नावाखाली त्याचे टोपणनाव. त्यात मंत्री आहेत, उद्योगपती आहे, पालेर्मोचे माजी महापौर साल्वो लीमा आहेत आणि एक कार्डिनलही आहेत. पाओलो चिरिनो पोमिचिनो हे मंत्री संसदभवनाच्या गुळगुळीत फरशीवरून घसरत जातात. पंतप्रधान कार्यालयाच्या रिकाम्या दिवाणखान्यात आंद्रेओत्ती आणि एक पांढरी मांजर एकमेकांकडे टक लावून पाहत उभे राहतात. दोघांपैकी कोणीच वाट सोडायला तयार नाही. छायालेखक लुका बिगाझ्झी यांचा कॅमेरा या सगळ्याभोवती सरपटतो, झेपावतो, घिरट्या घालतो.

राजकीय चित्रपटाला हे शोभते का, असा प्रश्न त्या वेळीही विचारला गेला. त्याला पार्श्वभूमी आहे. इटलीत राजकीय सिनेमाची मोठी परंपरा आहे आणि तिचे अध्वर्यू फ्रांचेस्को रोझी. सिसिलीतल्या दरोडेखोरावरील ‘साल्वातोरे जुलियानो’ (1962) आणि नेपल्समधल्या बांधकाम व्यावसायिक व नगरसेवकांच्या साट्यालोट्यावरील ‘हँड्स ओव्हर द सिटी’ (1963) हे त्यांचे चित्रपट तपासणी अहवालासारखे आहेत. कागदपत्रे, साक्षी, घटनास्थळ. प्रेक्षकाने पुरावा पाहावा आणि निष्कर्ष काढावा, ही त्यामागची श्रद्धा. दुसरा चित्रपट मुंबईच्या वाचकाने जरूर पाहावा. त्यातली कोसळणारी इमारत आणि त्यानंतरची चौकशी त्याला परकी वाटणार नाही.

सोरेन्तिनो 1970 साली नेपल्समध्ये जन्मले. त्यांची पिढी मोठी होईपर्यंत इटलीत चौकशी आयोग, संसदीय समित्या, खटले आणि अपिले यांचा डोंगर साचला होता. तरी 1969 चा मिलानमधील पियाझ्झा फोन्ताना येथील स्फोट असो की काल्वींचा मृत्यू, निर्विवाद उत्तर लोकांच्या हाती लागले नव्हते. कागदपत्रे पुष्कळ होती, सत्य मात्र सापडत नव्हते. अशा वेळी आणखी एक अहवाल काढून काय साधणार? म्हणून त्यांनी सत्तेचा सोहळाच मांडला. ज्या शैलीत सत्ता स्वतःला पाहते, त्याच शैलीत तिला दाखवायचे आणि त्या झगमगाटाच्या मधोमध एक हालचाल न करणारा, कंटाळलेला, डोके दुखणारा म्हातारा बसवायचा. पोमिचिनोंच्या घरच्या मेजवानीत सगळे बेभान नाचत असताना आंद्रेओत्ती खुर्चीत बसून नुसते पाहतात. उपहास आहे, पण त्याला थरकापाची किनार आहे.

सेर्विल्लो यांनी नक्कल केलेली नाही, हे विशेष. प्रसाधनाचे काम ऑस्कर नामांकनापर्यंत पोहोचण्याइतके सफाईदार असले, तरी भूमिका उभी राहते ती चालण्यातून. पाय हलतात, वरचे शरीर हलत नाही. जणू एखादी मूर्ती चाकांवरून ओढत नेली जात आहे.

दोन प्रसंगांचा उल्लेख स्वतंत्रपणे करायला हवा. ‘ला रेपुब्लिका’चे संस्थापक संपादक एउजेनियो स्काल्फारी मुलाखतीला येतात आणि एकापाठोपाठ एक प्रश्नांची फैर झाडतात. हे सगळे योगायोगच आहेत का, असा त्या साऱ्यांचा रोख. आंद्रेओत्ती ऐकून घेतात आणि उलट विचारतात, तुमचे वृत्तपत्र बेर्लुस्कोनींच्या हाती जाता जाता कोणामुळे वाचले? परिस्थिती जरा गुंतागुंतीची होती, असे संपादक पुटपुटतात. अगदी बरोबर, आंद्रेओत्ती म्हणतात, माझ्याबाबतीतही तसेच. वृत्तपत्रात काम करणाऱ्या कोणालाही हा प्रसंग सुखाने पाहता येणार नाही. तो प्रत्यक्ष पाया नसलेला नाही. 1991 मध्ये बेर्लुस्कोनी आणि उद्योगपती दे बेनेदेत्ती यांच्यातील मोंदादोरी प्रकाशनसमूहाच्या वाटणीत मध्यस्थी करणारे जुझेप्पे चार्रापिको हे आंद्रेओत्तींच्याच गोटातले होते.

दुसरा प्रसंग कबुलीचा. खुर्चीत बसून, थेट प्रेक्षकाकडे पाहत, आंद्रेओत्ती पत्नी लिव्हिया यांना उद्देशून बोलतात. देशाचे भले राखण्यासाठी आम्हाला दुष्कृत्ये चालू ठेवावी लागली, ही विसंगती देवाला कळते, असे त्याचे सार. आवाज चढत जातो, शब्द एकमेकांवर आदळतात. असे काही प्रत्यक्षात घडले नाही. ही पूर्णतः दिग्दर्शकाची कल्पना आहे. इथे एक आक्षेप रास्त ठरतो. हयात व्यक्तीच्या तोंडी, तिच्या खऱ्या नावाने, न दिलेली कबुली घालणे कितपत न्याय्य? प्रसंग उघडपणे स्वप्नवत रचला आहे, त्याला वास्तवाचा आभास दिलेला नाही, हे दिग्दर्शकाच्या बाजूचे उत्तर. ते पुरेसे वाटते, पण अगदी निखालस नव्हे. कारण प्रेक्षक चित्रपटगृहातून बाहेर पडतो तेव्हा त्याला प्रकाशयोजना आठवत नाही, वाक्ये आठवतात.

न्यायालय काय म्हणाले?

चित्रपट खटला सुरू होण्याच्या क्षणी थांबतो. त्यापुढे काय झाले, हे आंद्रेओत्तींच्या चाहत्यांनी आणि विरोधकांनीही सोयीने सांगितले आहे. म्हणून तपशील महत्त्वाचा.

17 फेब्रुवारी 1992 रोजी मिलानमध्ये एका लाचखोर अधिकाऱ्याच्या अटकेने ‘स्वच्छ हात’ मोहीम सुरू झाली आणि दोन वर्षांत जुने पक्ष मोडून पडले. त्याच सुमारास सिसिलीत वेगळेच घडत होते. जानेवारी 1992 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माफिया म्होरक्यांच्या शिक्षा कायम केल्या. राजकीय आश्रय मिळूनही उपयोग झाला नाही, या रागातून 12 मार्च रोजी साल्वो लीमांची हत्या झाली. 23 मे रोजी न्यायाधीश जोव्हान्नी फाल्कोने यांना पत्नी आणि अंगरक्षकांसह स्फोटाने उडविण्यात आले. आंद्रेओत्ती त्या वेळी राष्ट्राध्यक्षपदाच्या आशेवर होते. दोन दिवसांनी संसदेने दुसऱ्याच नेत्याला निवडले. चित्रपटात संसदभवनाच्या मार्गिकांतून एक स्केटबोर्ड सुसाट धावत सुटतो आणि त्याचा शेवट त्या स्फोटात होतो. एवढ्या एका प्रतिमेत दिग्दर्शकाने रोम आणि पालेर्मो जोडले आहेत.

1993 मध्ये पालेर्मोच्या अभियोक्त्यांनी सिनेटकडे खटल्याची परवानगी मागितली. ती द्यावी, असे आंद्रेओत्तींनी स्वतःच सभागृहाला सांगितले. सप्टेंबर 1995 मध्ये खटला उभा राहिला. सर्वांत गाजलेली साक्ष बाल्दुच्चो दी माज्यो या माफीच्या साक्षीदाराची. 1987 मध्ये आंद्रेओत्ती माफियाचा म्होरक्या तोतो रीनाला भेटले आणि दोघांनी चुंबन घेतले, असे तो म्हणाला. चित्रपटात हे दृश्य आहे. न्यायालयाने मात्र ते सिद्ध झाल्याचे मानले नाही आणि ऑक्टोबर 1999 मध्ये आंद्रेओत्तींना दोषमुक्त केले.

2 मे 2003 रोजी अपील न्यायालयाने हा निकाल अंशतः बदलला. 1980 च्या वसंत ऋतूपर्यंत माफियाशी संगनमताचा गुन्हा घडला होता. परंतु कायद्याने ठरविलेली मुदत उलटल्यामुळे त्याबद्दल शिक्षा देता येत नाही. त्यानंतरच्या काळाबाबत दोष सिद्ध होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. ती मुदत निकालाच्या काही महिनेच आधी संपली होती. या निष्कर्षामागे एक भेट होती. सिसिलीचे प्रांतप्रमुख पियेरसान्ती मात्तारेल्ला हे आंद्रेओत्तींच्याच पक्षाचे, पण माफियाविरोधी नेते. 6 जानेवारी 1980 रोजी त्यांची हत्या झाली. आंद्रेओत्ती म्होरक्या स्तेफानो बोन्ताते याला त्या हत्येच्या आधी आणि नंतर भेटले होते, असे न्यायालयाने ग्राह्य धरले. ऑक्टोबर 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय कायम केला. दरम्यान पेकोरेल्ली खूनप्रकरणी नोव्हेंबर 2002 मध्ये त्यांना चोवीस वर्षांची शिक्षा झाली आणि ऑक्टोबर 2003 मध्ये ती पूर्णतः रद्दही झाली.

म्हणजे खुनाच्या आरोपातून ते निर्विवाद सुटले. माफियाच्या आरोपातून सुटले असे म्हणणे अर्धसत्य आहे. आणि सर्वांना आठवणारे चुंबन न्यायालयाने नाकारले, तर ज्या भेटीचा फारसा गवगवा झाला नाही, ती स्वीकारली. पडद्यावर काय उठून दिसते आणि पुराव्यात काय टिकते, यातले अंतर यापेक्षा स्पष्ट दिसणार नाही. पियेरसान्ती यांचे धाकटे बंधू सेर्ज्यो मात्तारेल्ला 2015 मध्ये इटलीचे राष्ट्राध्यक्ष झाले.

सेन्सॉरचा सूड?

आंद्रेओत्ती आणि सिनेमा यांचे नाते ‘इल दीवो’पेक्षा फार जुने आहे. 1947 मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ते पंतप्रधान दे गास्पेरी यांचे उपसचिवपदावरील मंत्री झाले आणि चित्रपट व रंगभूमी त्यांच्या अखत्यारीत आली. 1949 चा चित्रपट कायदा त्यांच्याच नावाने ओळखला जातो. हॉलिवूडच्या लोंढ्यापुढे स्वदेशी उद्योगाला त्याने आधार दिला. मात्र पैशाबरोबर संहितांवर सरकारी नजरही आली. 1952 मध्ये व्हित्तोरिओ दे सीका यांच्या ‘उम्बेर्तो डी’वर त्यांनी जाहीर पत्र लिहून टीका केली. देशाची मळकी धुणी जगाच्या चव्हाट्यावर कशाला धुता, हा त्यांचा सूर म्हणून स्मरणात राहिला.

गंमत अशी, की त्याच 1952 च्या जानेवारीत मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला आणि दे सीकांचा ‘बायसिकल थीव्ज’ पाहून आपले चित्रपटकर्मी भारावून गेले. बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ पुढच्याच वर्षी आला. मंत्र्याला जी धुणी घरात ठेवायची होती, ती दादर-अंधेरीच्या स्टुडिओंपर्यंत पोहोचली होती. आंद्रेओत्तींचा युक्तिवादही आपल्याला अनोळखी नाही. 1980 मध्ये राज्यसभेत नर्गिस दत्त यांनी सत्यजित राय यांच्यावर देशाचे दारिद्र्य परदेशात विकल्याचा ठपका ठेवला होता.

सिनेमाचे वावडे मात्र त्यांना नव्हते. 1983 मध्ये आल्बेर्तो सोर्दी यांच्या टॅक्सीचालकावरील विनोदी चित्रपटात ते स्वतःच्याच भूमिकेत प्रवासी म्हणून झळकले. ‘इल दीवो’ पाहिल्यावर मात्र त्यांचा सुप्रसिद्ध संयम सुटला आणि हा हलकटपणा आहे, असे ते म्हणाले. तथापि चित्रपटावर बंदी आली नाही. आपल्याकडे ‘किस्सा कुर्सी का’च्या प्रिंट आणीबाणीत जाळल्या गेल्या, आणि ‘सिंहासन’सारखा उत्तम मराठी राजकीय चित्रपट 1979 मध्ये निघाला तो काल्पनिक नावांच्या आधाराने, हे आठवले की हयात माजी पंतप्रधानाचे नाव, चेहरा आणि घरातला दिवाणखाना दाखविण्याची ही मुभा थोडी हेवा वाटायला लावते.

6 मे 2013 रोजी आंद्रेओत्तींचे रोममध्ये निधन झाले. शासकीय अंत्यविधी न करता कुटुंबाने खासगीरीत्या निरोप दिला. सोरेन्तिनोंच्या ‘द ग्रेट ब्यूटी’ला 2014 मध्ये परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. 2018 मध्ये त्यांनी पुन्हा सेर्विल्लो यांनाच घेऊन बेर्लुस्कोनींवर ‘लोरो’ काढला. तेच दिग्दर्शक, तोच नट, तोच थाट. तरी तो ‘इल दीवो’च्या जवळपासही जात नाही. बेर्लुस्कोनी स्वतःच इतके भडक होते, की कॅमेऱ्याने त्यांच्यात भर घालण्यासारखे काही उरले नव्हते.